बॉनेटवरचा तळहात

दसरा चौकाच्या सिग्नलला गाडी उभी होती. ऑगस्टमधली संध्याकाळ, बाहेर झिमझिम, काचा आतून धुरकटलेल्या, आणि दुपारी ऑफिसात झालेली वादावादी माझ्या डोक्यात अजून चालूच होती. शेजारी आबा बसले होते. कानाच्या डॉक्टरांकडून आम्ही परतत होतो. नव्या मशीनचं माप देऊन झालं होतं, जुनं मशीन डबीत घालून पिशवीत ठेवलं होतं. आबांनी तळहात डॅशबोर्डवर पसरून ठेवला होता, लहान मुलाच्या अंगातला ताप बघावा तसा. "हे एकसारखं चालत नाही गं," ते म्हणाले. मी आरशातून मागच्या रिक्षाकडे बघत म्हटलं, "आबा, दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नाही, आणि इंजिनातला बिघाड ऐकू येतोय होय?"

आबांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मी बोलले ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त बोचत राहिलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांसमोर सारखा तो हात येत होता. रागानं झटकून घेतलेला नव्हे. एखादी वस्तू दुसऱ्याची आहे हे लक्षात आल्यावर जपून परत ठेवावी, तसा मागे घेतलेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी मुद्दाम रेडिओ लावला नाही. पहिल्याच सिग्नलला दिसलं. आरशात मागच्या गाडीचा नंबर दुहेरी दिसत होता, आकडे आकड्यांवर थरथरत होते. दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली किणकिणत होती. ॲक्सिलरेटरला जरासा पाय लावला की सगळं गुळगुळीत, पाय काढला की परत अंगात हुडहुडी भरल्यासारखी थरथर. आणि मग लक्षात आलं, की सिग्नलला थांबल्यावर पाय हलकासा दाबून ठेवायची सवय मला केव्हाच लागली होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. पायाला कळलं होतं, डोक्याला पत्ता नव्हता.

गाडी इंडिका, २००४ सालची. आबा ज्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, त्या वर्षीची. फंडाच्या पैशातून घेतलेली. आपल्याकडे तयार झालेली ही मोटार डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली, तेव्हा आबांनी तिच्याबद्दल छापून आलेलं सगळं कापून ठेवलं होतं. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रसामग्री सोडवून, जहाजात घालून पुण्याला आणली, ही गोष्ट ते वर्गातल्या मुलांना भूगोलाच्या तासाला सांगत. चौदाशे पाच सीसीचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर. २०१९ ला पंधरा वर्षं भरली, ग्रीन टॅक्स भरून पासिंग करून घेतलं. २०२४ ला पुन्हा. दर वेळी घरातलं कोणीतरी म्हणतं, आता काढून टाका. दर वेळी आबा काही न बोलता फॉर्म भरायला बसतात. मला स्वतःला या गाडीविषयी नेमकं काय वाटतं ते सांगता येणार नाही. तिचा एसी धड चालत नाही, चढावर ती दमते. पण तिचा दरवाजा लागल्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

त्यानंतरचे तीन आठवडे मी एकटीच गाडी घेऊन हिंडले. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेटखाली वाकून, इंजिन हातानं हलवून सांगितलं, फाउंडेशन गेलंय. इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं त्यांना आमच्याकडे फाउंडेशन म्हणतात. ती बदलली. थरथर थोडी बोथट झाली, गेली नाही. दुसऱ्या ठिकाणी एका मुलानं स्कॅनर आणला, स्टिअरिंगखाली टॉर्च मारून जोडायची जागा शोधली आणि हसून म्हणाला, "मॅडम, हिला कॉम्प्युटरच नाही." खरंच नाही. या जुन्या डिझेल इंजिनात कुठल्या सिलिंडरला कधी आणि किती डिझेल द्यायचं हे एक पंप ठरवतो, स्प्रिंगा, वजनं आणि कॅम यांच्या हिशेबावर. नव्या गाडीत स्कॅनर निदान बोट तरी दाखवतो. इथं बोट दाखवणारं कोणी नाही, इंजिनालाच विचारावं लागतं. तिसऱ्या गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं की पंप आणि चारही नोझल (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) उतरवावे लागतील, अठरा हजार धरून चला, आणि तरीही फरक पडला नाही तर हेड खोलू. कशावरून, असं मी विचारलं. "अनुभवावरून," ते म्हणाले. मी विचार करून सांगते म्हणाले आणि बाहेर पडले. एकदाही कोणी इंजिन चालू ठेवून, गप्प उभं राहून, मिनिटभर ऐकलं नव्हतं.

ऐकणं म्हणजे काय, हे मी लहानपणी पाहिलं आहे. पंचगंगेच्या काठाला आमचा दीड एकर ऊस, आणि त्याला पाणी पाजायला पाच हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं ऑइल इंजिन. हँडल मारून चालू करायचं. आबांचा जन्म १९४६ चा, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली त्याच सालचा, आणि हे ते जुळ्या भावाबद्दल सांगावं तसं सांगत. रात्रपाळीला गडी इंजिन लावून जायचा आणि आबा घरी ओसरीत झोपायचे. मधे सहा-सात शेतं. लांबून येणारा तो टुक्‌-टुक्‌-टुक्‌ आवाज आमच्या झोपेचा भाग होता. मधेच आबा उठून बसायचे. मला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. ते चपला घालता घालता म्हणायचे, "इंजिन हलकं झालंय. पाणी तुटलं." म्हणजे पंपानं पाणी उचलायचं सोडलं, इंजिनावरचा भार गेला, म्हणून आवाज हलका. कंदील घेऊन आम्ही जायचो. जाऊन बघावं तर खरोखरच पाटात पाणी नाही, इंजिन नुसतंच धावतंय.

आणि कारण बहुतेक वेळा एकच असायचं. सक्शनच्या पाइपाला कुठंतरी बारीक चीर. पाणी वर ढकलणाऱ्या पाइपाला भोक पडलं तर कारंजं उडतं, लांबून दिसतं. पण पाणी ओढून घेणाऱ्या पाइपाला भोक पडलं, तर बाहेर थेंबसुद्धा येत नाही. आत हवा जाते. "सक्शन गळत नसतं, ओढत असतं," आबा म्हणायचे. मग ते ओल्या मातीचा गोळा घेऊन जोडांवर एकेक करून लिंपत जायचे आणि मला सांगायचे, तू आवाजाकडे लक्ष दे. ज्या जोडावर माती बसल्यावर इंजिनाचा आवाज जड व्हायचा, तिथं सायकलची जुनी ट्यूब फाडून आवळून बांधायची. माझं काम एवढंच. ओरडून सांगायचं, "आबा, जड झालं!"

इंजिनाचा नोझल चोंदला की तो काढून, फडक्यात गुंडाळून, आबा शाळेच्या पिशवीतून कोल्हापूरला न्यायचे. वह्यांना डिझेलचा वास लागायचा. तपासलेले निबंध परत मिळाले की मुलं ते हुंगून बघायची. एकदा मी सोबत गेले होते, शिवाजी उद्यमनगरात. लेथवरून उडणारे लोखंडाचे गुंडाळलेले छिलके, तापलेल्या तेलाचा वास, आणि एका अरुंद गाळ्यात पंप-नोझलचं काम करणारे एक गृहस्थ. दारावरच्या पाटीत 'मायको' ही अक्षरं होती. त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण जुन्या पाट्यांवर ती अक्षरं मी नंतरही कितीतरी वर्षं पाहिली. त्यांनी नोझल एका हातपंपाला जोडला आणि दांडा हळूहळू दाबला. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढत गेला आणि एका क्षणी कर्रर्र असा बारीक आवाज होऊन नोझलच्या टोकातून धुक्याचा कोन बाहेर पडला. द्रव वाटेना, वाफ वाटावी इतका बारीक. "हात घालू नकोस हां पोरी," ते म्हणाले, "कातडीत घुसतंय." मी हात मागे बांधून उभी राहिले. चोंदलेला नोझल हे करत नाही, तो पिचकारी मारतो. पिचकारीचं डिझेल नीट जळत नाही, काळा धूर होतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. हवा वीस-बावीस पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत हे धुकं सोडायचं. धुकं पेट घेतं. एवढंच. पण धुकंच पाहिजे.

चौथ्या रविवारी मी आबांसमोर जाऊन बसले. त्या संध्याकाळबद्दल बोलायचं मनात होतं. तोंडातून निघालं ते असं : "आबा, गाडी तुमच्या मिस्त्रींना दाखवूया का?" मी ते पुन्हा एकदा, मोठ्यानं विचारलं. आबांनी पेपर बाजूला ठेवला आणि सदरा बदलायला आत गेले.

मिस्त्रींचं वय सत्तरीच्या घरातलं. गॅरेज आता त्यांचा मुलगा बघतो, ते दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले, आमचे जुने फॅमिली डॉक्टर विचारायचे तसे. धूर कसला पडतोय, काळा का पांढरा? कसलाच नाही. इंजिन गरम झाल्यावर जातंय का? जात नाही. जात असतं तर हीटर प्लगकडं बघितलं असतं, ते म्हणाले. सकाळी सेल्फ किती मारायला लागतोय? मी म्हटलं, पावसाळ्यापासून जरा जास्तच. "गाडी रात्री कुठं लावता?" घरासमोर, टेंबलाईच्या चढावर. "तोंड वर का खाली?" हा प्रश्न मला कळलाच नाही. उत्तर आबांनी दिलं, मिस्त्रींच्या ओठांकडे बघून : "वर. खाली तोंड करून लावली त्या दिवशी पटकन चालू होते." हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

मग इंजिन चालू केलं. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मान जराशी तिरपी. आबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि उघड्या बॉनेटखाली, बाजूच्या पत्र्यावर तळहात टेकला. दोन म्हातारी माणसं, मधे थरथरणारं इंजिन, आणि कोणी काही बोलत नाही. असा किती वेळ गेला. शेवटी आबा म्हणाले, "ठेक्यात नाही. विस्कटून येतंय." मिस्त्रींनी मान हलवली. "खात्री करू," ते म्हणाले आणि सतराचा पाना मागवला.

पंपातून चार नोझलांकडे चार लोखंडी नळ्या जातात. चालू इंजिनात त्यातल्या एका नळीचा नट अर्धा आटा सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर गळून जातं, तो सिलिंडर बंद पडतो. (हे फक्त या जुन्या पंपांवर. नव्या कॉमन रेल गाड्यांत त्या नळ्यांमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. तिथं हा नट कोणीही, कधीही सैल करू नये, माणूस जायबंदी होतो.) मिस्त्रींनी फडकं धरून पहिला नट सैल केला. इंजिन लंगडलं, सगळी गाडी हलायला लागली. आबा म्हणाले, "हं." नट आवळला. दुसरा सैल केला, पुन्हा तसंच लंगडणं. "हं." या तपासणीत ज्याला बंद केल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. जो चांगला आहे त्याच्या जाण्यानं इंजिन कळवळतं. मी तिथं उभी राहून तिसऱ्या नटाकडे बघत होते आणि पोटात कालवाकालव होत होती. निवृत्त झाल्यापासून, त्यातही कान गेल्यापासून, आबा जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून हळूहळू कसे बाहेर गेले, आणि आमच्या गप्पा त्यानं लंगडल्या का, हे माझ्या मनात आलं. मी ते तिथंच थांबवलं. तिसरा : "हं." चौथा : "हं."

चारही चांगले होते.

नंतर घरी मी कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला आठशे पन्नासच्या आसपास फेरे असताना एक सिलिंडर कायमचा चुकत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एक ठोका गळतो, म्हणजे सेकंदाला सात. सेकंदाला सात हा कानाचा प्रांतच नाही, इतक्या संथ गोष्टीचा सूर होत नाही. ती कंपनं असतात, हाताला लागतात. आणि म्हातारपणी कान जातात ते आधी वरच्या पट्टीतले, बेल, पाखरं, नातवंडांचे आवाज, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलंच होतं. आबांनी त्या सिग्नलला काही ऐकलं असं म्हटलंच नव्हतं. 'ऐकू येतंय' हे शब्द माझे होते.

ठेका एकसारखा गळत नाही, चारही सिलिंडर काम करतायत, धूर नाही. मग सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या डिझेलमध्येच काहीतरी. मिस्त्रींनी फिल्टर आणि पंप यांच्या मधला रबरी पाइप काढून तिथं एक पारदर्शक नळी बसवली. इंजिन चालू केलं. पिवळसर डिझेल सरकताना दिसायला लागलं, आणि त्यातून, अधूनमधून, बुडबुडे. मोठे नव्हेत. मोहरीएवढे, काही त्याहून लहान, कधी एकटे, कधी तीन-चार माळेत. जागेवर चालताना इंजिनाला दर ठोक्याला जेमतेम पाच घन मिलिमीटर डिझेल लागतं, दोन मोहऱ्यांएवढं. त्यात मोहरीएवढी हवा आली तर तो घास अर्धा रिकामा. ॲक्सिलरेटर दाबला की घास मोठा होतो, तेवढ्या हवेचं काही वाटत नाही. म्हणून सिग्नलला थरथर आणि रस्त्यावर सगळं ठीक. म्हणून सकाळी चढावर तोंड वर असताना रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरायचं आणि सेल्फ मारत बसावं लागायचं. तीन आठवडे मी ज्या दोन तक्रारी वेगवेगळ्या धरल्या होत्या, ती एकच होती.

मिस्त्रींच्या मुलानं एका कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं आणि टाकीची लाइन बाजूला काढून फिल्टरला कॅनमधून डिझेल दिलं. दोन मिनिटं इंजिन अडखळलं, मग नळीतले बुडबुडे विरळ झाले, संपले, आणि इंजिन स्थिर झालं. इतकं स्थिर, की एअर क्लीनरच्या झाकणावर ठेवलेला पाना जागचा हलेना. पंप निर्दोष, नोझल निर्दोष, फिल्टरसुद्धा. टाकीची लाइन परत जोडली, बुडबुडे परत आले. आता टाकी ते फिल्टर एवढाच रस्ता उरला. मुलगा खड्ड्यात उतरून टॉर्चनं बघायला लागला. "बाबा, सगळं कोरडं हाय. कुठंच वल न्हाई."

"वल कशी असंल?" आबा म्हणाले. एरवी आबा असं बोलत नाहीत. चाळीस वर्षं शाळेत प्रमाणभाषा शिकवलेला माणूस. "सक्शन हाय ते. गळत नसतंय, ओढतंय. ग्रीस लाव जोडांवर. एकेक करून."

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. आबा नळीवर डोळे लावून वाकले. मुलगा खालून सांगत होता, फिल्टरचा जोड झाला. बुडबुडे चालू. मधल्या लोखंडी पाइपाचा झाला. चालू. टाकीजवळ एक वीतभर रबरी पाइप होता, वळण घेऊन गेलेला. त्याच्या वळणाच्या पाठीवर, जिथं नजर पोचत नाही तिथं, त्यानं बोटानं ग्रीस थापलं. नळीतून एक बुडबुडा गेला. त्याच्यामागून दुसरा येईल म्हणून मी बघत राहिले. डिझेल नुसतंच सरकत होतं, काचेसारखं. इंजिनाचा आवाज खाली बसला. पोटातून आल्यासारखा, भरीव.

"आबा, जड झालं!" मी ओरडले. इतक्या जोरात, की रस्त्यावरचा एक सायकलवाला वळून बघायला लागला.

बदललेला पाइप आबांनी मागून घेतला. सरळ धरला तर त्याला काही झालेलं दिसत नाही, काळा, जरासा टणक, एवढंच. वाकवला की पाठीवर केसासारख्या पाच-सहा चिरा उघडतात, सोडला की मिटतात. तो आता त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, चष्म्याच्या घराशेजारी. आलेल्या-गेलेल्याला ते वाकवून दाखवतात. त्या ऑगस्टमधल्या संध्याकाळबद्दल मी त्यांच्याशी अजून बोललेले नाही. दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा त्यांनी 'काय?' म्हणून कान पुढे केला, आणि ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं मला जमलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. मागच्या सीटवर झेंडूची पाटी, आपट्याच्या डहाळ्या, गाडीभर तो कडवट ओला वास. दसरा चौकात सिग्नल लागला. आबांच्या कानात नवं मशीन होतं, पण हॉर्न सहन होत नाहीत म्हणून ते त्यांनी काढून खिशात टाकलं. पाय मी ब्रेकवर ठेवला, ॲक्सिलरेटरवर नाही. आरशात मागच्या रिक्षाचा नंबर स्पष्ट वाचता येत होता. आबांनी हात डॅशबोर्डकडे नेला आणि टेकवायच्या आधी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गिअरवरचा डावा हात काढून त्यांच्या हाताशेजारी ठेवला. तापलेलं प्लॅस्टिक, त्यावर बारीक धूळ, आणि त्याखाली, खोलवर, एकसारखं काहीतरी चाललेलं. मी डोळे मिटले.

"चारही?" आबांनी विचारलं.

"चारही," मी मोठ्यानं म्हटलं. मागून हॉर्न वाजला, सिग्नल सुटला होता.